पट्टीवरचं नाव

गणपतरावांच्या घरचं केबल गेलं ते राखीच्या आधीच्या रविवारी. गेलं म्हणजे काय, त्यांच्याच मुलानं, रजतनं, ते उपटून टाकलं. खिडकीतून आत आलेली काळी वायर ओढून तिची गुंडाळी केली, सेट टॉप बॉक्स खोक्यात घातला आणि हात झटकत म्हणाला, "झालं बाबा. आता सगळं इंटरनेटवर. जे पाहिजे ते, जवा पाहिजे तवा."

"अन् लोकल चॅनल?" गणपतरावांनी विचारलं.

"ते कोण पायते आता? साड्यांचा सेल अन् मेलेल्या लोकायचे फोटो. अजून काय असते त्याच्यात?"

आता या शहाण्याला काय सांगावं! त्या मेलेल्या लोकांसाठीच तर म्हातारा रोज संध्याकाळी टीव्हीपुढे बसत होता. त्या चॅनलवर भजन चालू असो की कोणाच्या वाढदिवसाचं भाषण, खाली एक पिवळी पट्टी सारखी सरकत राहायची. अमक्यांचं दुःखद निधन, तमक्यांची तेरवी, अंत्ययात्रा राहत्या घरून निघेल. त्यांच्या ओळखीतल्या निम्म्या मयती या पट्टीवरूनच कळायच्या. कोणी म्हटलं की आम्हाला कळवलं नाही, तर लोक उलट त्यालाच झापायचे, "काहून, पट्टी नाई पायली का?"

गणपतराव त्या पट्टीत एकच नाव शोधायचे, आणि ते सापडू नये म्हणून शोधायचे. नत्थूजी चाफले, नंदनवन.

हा नत्थूजी त्यांचा जिवाभावाचा दोस्त. सावनेरच्या कोळसा खाणीत दोघांनी उभी नोकरी सोबत काढली, एकाच डब्यातलं खाल्लं, आणि एकमेकांना शिव्या दिल्याशिवाय दोघांनाही दिवस गेल्यासारखा वाटत नसे. रिटायर झाल्यावर नंदनवनात एकाच गल्लीत घरं बांधली. मग आलं रजतचं साक्षगंध. नत्थूजींच्या जिभेला हाड नव्हतंच. भर पंगतीत, नव्या व्याह्यांसमोर, त्यांनी गोष्ट सुरू केली. गणपत पहिल्यांदा खाणीत उतरला तेव्हा लिफ्ट हलल्याबरोबर 'आई वं' म्हणून कसा ओरडला, नत्थूची कंबर कशी धरून बसला, आणि खाली पोचेपर्यंत त्याची पॅन्ट कशी ओली झाली. व्याही खो खो हसले. विहीणबाई तोंडाला पदर लावून हसल्या. होणारी सून मयुरा, तीही हसली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे गोष्ट शंभर टक्के खरी होती.

गणपतरावांचं डोकं सटकलं. पानावरून उठून ते म्हणाले, "नत्थ्या, तुझं माझं संपलं. आता पट्टीवर तुझं नाव येईन, तवाच तुझ्या दारात पाय ठेवीन."

"मंग पायत राय बसून," नत्थूजी म्हणाले आणि तेही पानावरून उठले.

काय बोलून गेलो, हे गणपतरावांना त्याच रात्री कळलं होतं. पण कळून काय उपयोग? शोभाताई असत्या तर नवऱ्याचा कान धरून त्याला नत्थूजींच्या दारात नेऊन उभं केलं असतं, पण त्या आधीच गेल्या होत्या. पुढे रजतनं हुडकेश्वरला फ्लॅट घेतला, नंदनवनचं घर विकलं, आणि रोजचं तोंड दिसणंही संपलं. अरे, नंदनवन काय काशी आहे? खाली उतरायचं, ऑटोला हात करायचा, बसायचं. फोन उचलायचा, नंबर तर तोंडपाठ. पण नाही! ताठा असा की मोडेन पण वाकणार नाही. मग म्हाताऱ्यानं आपली एक सोय लावून घेतली होती. संध्याकाळी पट्टी पुरती एकदा फिरेपर्यंत वाचायची. नत्थूचं नाव नसलं की मनात म्हणायचं, 'आहे लेकाचा अजून,' आणि मग चहा प्यायचा. ज्या दिवशी नाव नाही त्या दिवशी त्यांना छान झोप लागायची.

आणि या वर्षी त्यांनी अगदी पक्कं ठरवलं होतं. दसऱ्याला जायचं. दसऱ्याला आपट्याचं सोनं हातात ठेवलं की कोणी काही विचारत नाही, काही बोलावं लागत नाही. माफी मागायची नाही, कारण सांगायचं नाही, नुसता हात पुढे करायचा. तेवढा दसऱ्यापर्यंत नत्थू टिकला पाहिजे, एवढंच मागणं होतं.

म्हणून पट्टी हवी होती. पण हे सांगणार कोणाला? सांगायचं तर ती ओल्या पॅन्टची गोष्ट पुन्हा काढावी लागणार, तीही सुनेसमोर. त्यापेक्षा जीव गेला तरी चालेल! "मले बातम्या पायच्या आहेत लोकल," एवढंच ते म्हणाले आणि तेच धरून बसले.

रजत मुलगा वाईट नव्हता. त्यानं शोधून काढलं की ते लोकल चॅनल इंटरनेटवरही लाइव्ह दिसतं. टीव्हीवर लावून दिलं. "घ्या, आलं तुमचं चॅनल." गणपतरावांना केवढा आनंद झाला! चष्मा पुसून ते समोर बसले. माणसं दिसत होती, आवाज येत होता, खाली पिवळी पट्टी सरकत होती. आणि पट्टीवरचं एक अक्षर वाचता येईल तर शपथ. पावसात भिजलेल्या पेपरासारखं सगळं फिसकटलेलं. ते खुर्ची पुढे घेऊन बसले, मग टीव्हीला नाक लावून उभे राहिले. जवळून तर नुसते पिवळे काळे चौकोन.

"अबे, हे अक्षरं काहून असे फुटून राहिले?"

"स्पीड कमी आहे बाबा," रजत आतल्या खोलीतून ओरडला. त्याचं ऑफिसचं काम तिथूनच चालायचं. "प्लॅन लहान आहे आपला. मी नेटवर, मयुरा नेटवर, उन्नतीचा क्लास नेटवर. अन् वायफायचं डबडं इकडं आत, मंधात दोन भिंती. पिक्चर अटकू नये म्हणून ते आपोआप क्वालिटी कमी करते."

"मंग अटकू दे ना! अटकलेलं तरी वाचता येईन!"

रजतला वाटलं, बाबा गंमत करून राहिले. तो हसला. "आवाज तं येते ना? बातम्या ऐका मंग. घेऊ मोठा प्लॅन, पाहू पुढच्या महिन्यात."

पुढचा महिना कधी उजाडतो हे ज्यांच्या घरात मुलं कमावती आहेत त्या म्हाताऱ्यांना विचारा. गणपतरावांनी आपल्या परीनं सगळं करून पाहिलं. नळाला प्रेशर नसलं की आपण म्हणतो ना, खालचा नळ बंद करा, तसं त्यांनी म्हणून पाहिलं, "थोडा वेळ तुमचं नेट बंद करा, मले पंधरा मिनिटं पाहू द्या." मयुरा म्हणाली, "बाबा, संध्याकाळीच तं माझे कॉल असतात." नात उन्नतीच्या क्लासच्या वेळी तर टीव्हीवर नुसतं गोल चक्र फिरायचं. बिल्डिंगमधले सगळे केबल काढून मोकळे झाले होते. शेजारच्या मनोहररावांकडे स्पीड भरपूर, म्हणून एकदा तिकडे जाऊन बसले, तर त्यांच्या घरी कुठल्या तरी सिरीजचा खून चालू होता आणि खुनी सापडेपर्यंत रिमोटला कोणी हात लावू देईना. बिनसाखरेचा चहा पिऊन परत आले.

पण संध्याकाळचं बसणं त्यांनी सोडलं नाही. वाचता येत नाही हे ठाऊक असून ते त्या पिवळ्या पट्टीकडे पाहत बसायचे. पोळा झाला. गणपती आले, गेले. आधी नाव नसलं की झोप लागायची, आता झोपच गेली. 'असन लेकाचा. दसऱ्याले जातोच आहे,' असं स्वतःला सांगायचे. स्वतःला फसवायला काही स्पीड लागत नाही.

मग एक दिवस मयुराची साहेबाबरोबर मीटिंग चालू असताना नेट तुटलं. झालं! म्हाताऱ्यानं इतके दिवस कुरकुर केली तर कोणी ढुंकून पाहिलं नाही, आणि साहेबाचं तोंड एकदा हललं नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळीच माणूस हजर. मोठा प्लॅन आला, वायफायचं नवीन डबडं आलं, तेही हॉलमध्ये, टीव्हीच्या डोक्यावर. "पाहा बाबा आता," रजत मोठ्या ऐटीत म्हणाला आणि त्यांचं चॅनल लावून आत गेला.

आणि बाप्पा! काय स्वच्छ! पट्टीवरचा काना, मात्रा, वेलांटी सगळं लख्ख. गणपतराव लहान मुलासारखे मोठ्यानं वाचायला लागले. पैठणी महोत्सव. वाचलं. मूळव्याधीवर खात्रीशीर इलाज. वाचलं. हरवलेला पोपट. तेही वाचलं आणि हसले. मग आलं, "कै. नत्थूजी चाफले यांची तेरवी आज दुपारी, राहते घरी, नंदनवन. शोकाकुल चाफले परिवार."

हे त्यांनी मोठ्यानं नाही वाचलं. पट्टी पुढे गेली, पैठणी आली, मूळव्याध आली, पोपट आला, आणि पुन्हा तेच नाव आलं. तेव्हा ते उठले, पायात चपला घातल्या आणि कोणाला काही न सांगता खाली उतरले. ऑटो लगेच मिळाला. रस्ताही मोकळाच होता.

नंदनवनच्या त्या गल्लीत छोटा मांडव घातला होता. मांडवात पंगतीची तयारी चालली होती. आत भिंतीशी नत्थूजींची बायको यमुताई बसल्या होत्या. गणपतरावांना पाहून त्या उठल्या नाहीत.

"आले का भाऊजी," त्या म्हणाल्या. "आता काहून आले?"

"वहिनी, मले आताच समजलं. सकाळी पट्टी वाचली अन् तसाच निघालो."

"आताच?" यमुताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "पोळ्यापासून पट्टी चालू होती तुमच्यासाठी."

गणपतरावांना काही कळेना. "पोळ्यापासून? पण आज तं तेरवी..."

"पोळ्याले जित्ते होते ते. छातीत पाणी झालं होतं. डॉक्टरनं सांगितलं, घरी न्या. मी म्हटलं, गणपत भाऊजीले फोन लावते. तं म्हणे, बिलकुल नाई. त्यानं पट्टी म्हटली होती, मी पट्टीच देईन. शब्दाचा पक्का आहे तो, नाव दिसलं का धावत येईन. चॅनलवाल्याले घरी बोलावलं. तो म्हणे, काका, जित्त्या माणसाचं नाव निधनात कसं टाकू? हे म्हणे, निधन कोण म्हटलं बे? मी सांगतो तसं लिही."

"काय लिहिलं होतं?" गणपतरावांनी विचारलं.

"नत्थूजी चाफले, नंदनवन. गणपत, नाव आलं बे, ये." यमुताई पाठ केल्यासारखं बोलल्या. "चॅनलवाला म्हणे, ते 'बे' काढून टाकू, पट्टीवर चांगलं नाई दिसत. तं यांनी त्याले हाकलून द्याचं बाकी ठेवलं होतं. म्हणे, 'बे' नसलं तं गणपतले वाटन दुसऱ्यानंच कोणी लिहिलं."

रोज संध्याकाळी गणपतराव त्या पट्टीसमोरच तर बसले होते! टीव्हीला नाक लावून उभे होते!

"रोज दुपार झाली का मले शर्ट मागे," यमुताई सांगत राहिल्या. "बनियनवर नाई भेटत म्हणे मी त्याले. श्वास पुरे नाई, तरी बटनं लावून बसे. गेट वाजलं का मले पाहाले पाठवे. कधी दूधवाला, कधी कोणी. मंग एक दिवस म्हणे, बंद कर वं ते पट्टी. वाचलं असन त्यानं. नाई यायचं त्याले. दुसऱ्या दिवशी गेले."

"नाई वहिनी! नाई वाचलं मी! आईची शपथ नाई वाचलं!" गणपतराव ओरडलेच. मांडवातले लोक वळून पाहू लागले. "मी रोज बसून होतो. रोज पायत होतो. पण अक्षरच दिसे नाई. स्पीड नव्हती."

"कशाची स्पीड?"

ते सांगायला लागले. केबल काढलं ते, प्लॅन लहान होता ते, मधल्या दोन भिंती, सुनेचे कॉल, नातीचा क्लास, आणि पिक्चर अटकू नये म्हणून ते आपोआप क्वालिटी कशी कमी करते ते. सांगता सांगता त्यांना स्वतःलाच ते खोटं वाटायला लागलं. एवढं सगळं खरं असताना माणूस एक ऑटो का करू शकला नाही, हे त्यात कुठंच येत नव्हतं. यमुताईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. रागावल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

"बरं," त्या म्हणाल्या. "पंगत बसून राहिली. जेवून घ्या."

नको म्हणायला गणपतरावांना तोंड नव्हतं. ते मांडवात गेले आणि कडेच्या रिकाम्या पानावर बसले. शेजारच्या माणसानं सरकून जागा दिली आणि विचारलं, "तुम्ही कोण लागता नत्थूजीचे?"

"कोणी नाई," गणपतराव म्हणाले.

वाढप्यानं भात वाढला, मग वरण घेऊन आला आणि टाकू का म्हणून थांबला. त्यांनी 'टाक' म्हणून मान हलवली.