भिकन राजाची हळद

गाणाऱ्या पोरींतल्या रूपाच्या मोबाइलवर पान उघडलं, तसा मांडवाच्या खांबाआड उभ्या असलेल्या जीवरामने रोखून धरलेला श्वास सोडला. सातपुड्याच्या पायथ्याच्या या गावात रेंज नव्हती, तरी हळदीची गाणी समोर होती.

जीवराम धुळ्याच्या एका कॉलेजात संगणकांची खोली सांभाळायचा. भिकुबाई आत्याचा गळा बसत चाललेला, पोरींना गाणी येत नव्हती. म्हणून त्याने ती आत्याकडून उतरवून घेऊन स्वतः बनवलेल्या साइटवर ठेवली. वधूवरांची नावं भरली की सर्व्हर ती गाण्यांत विणून तयार पान पाठवी, आणि 'सर्व्हिस वर्कर' नावाचा छोटा प्रोग्राम रेंज नसतानाही दिसावी म्हणून त्याची प्रत फोनमध्येच राखून ठेवी. भाची शीतलच्या हळदीत हे चाललं नाही, तर गाणी आत्याबरोबरच जातील, या धास्तीने त्याला सकाळपासून चहाही गोड लागला नव्हता.

नवरदेवाकडची उष्टी हळद आली. पाहुण्या बाया सतरंजीवर टेकल्या. रूपाने सूर लावला,

"तापीना पाणीमा हळद कालवी, भिकन राजानी नवरीले धाडी..."

नवरदेवाचं नाव दीपक होतं.

पाहुण्या बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. जीवरामच्या लगेच ध्यानात आलं. गेल्या महिन्यात सोनगीरला, भिकनच्या लग्नात, रूपाने हेच पान उघडलं होतं. काल चोपड्याला रेंजमध्ये असताना तिने नवी नावं भरली, पण फोनने जुनंच पान पुढे केलं आणि तिने ते नीट पाहिलं नाही. 'राखलेली प्रत आधी दाखव' हा नियम त्याचाच. त्याला भुई दुभंगली तर बरं असं झालं.

पाहुण्यांतली एक बाई पदर सावरून उठू लागली. तेवढ्यात भिकुबाईचा घोगरा आवाज आला.

"बस व माय. भिकननं लगीन व्हई गयं, त्याले आते कोन बलावस? आम्हना राजा दीपक शे."

आधी ती पाहुणीच हसली, मग सारा मांडव. आत्याने तीच ओळ दीपकचं नाव घालून म्हटली आणि पोरींनी उचलली. शब्द मोबाइलमधले, नावं आत्याची. काका, मामी, पाहुण्या, सगळे गाण्यात आले. शेवटी आत्याने खांबाकडे पाहून नवीच ओळ जोडली,

"जीवराम मामा दोन नवरदेव लई उना..."

दोन-दोन नवरदेव घेऊन आलेल्या या मामाला पोरींनी ओढून बाहेर काढलं आणि हळदीने माखलं. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

धुळ्याला परतल्यावर तो नियम दुरुस्त करायला बसला. फोनमध्ये राखायच्या प्रतीत त्याने गाणी तेवढी ठेवली. नावांच्या जागी बोटभर मोकळी जागा सोडली. बोटांची हळद कीबोर्डला लागत होती. त्याने ती पुसली नाही.