ध्यानाच्या टाकीच्या चहाड्या

टाकीच बोलतेय मी, दचकू नका. काळी, आडवी, दोन हजार लिटरची आणि पोट सुटलेली. उभ्या टाक्या छपरावर बसून गावभर मिरवतात. आम्हा आडव्यांच्या नशिबी ट्रॉली. मी मोहगावच्या गुणवंताच्या ट्रॉलीवर होते. उन्हाळ्यात त्याच्या संत्र्याच्या रोपांना पाणी पाजायचं, एवढंच माझं काम. पुढे बागेत ठिबकच्या नळ्या आल्या आणि मला बांधावर टाकून दिलं. माझ्या पोटात पालींचा संसार सुरू झाला.

तिथून मला सौंसरच्या अतुलने उचललं. अतुल नगरपालिकेत, नळाच्या खात्यात. उजाडलं की त्याचा फोन सुरू : "साहेब, आमच्याकडं नळ नाही आला." जेवताना तेच, अंघोळीला बसला तरी तेच. वैतागून तो नागपूरला विपश्यनेच्या शिबिराला गेला. तिथे त्याच्याशी कोणी बोललं नाही, आणि ते त्याला फार आवडलं. घरी परतला तर घरात टीव्ही, शेजारी मिक्सर, समोरच्या मंगल कार्यालयात डीजे. मग त्याने मोबाइलवर पाहिलं, की कुठे कुठे माणसं बंद पेटीत खारट पाण्यावर तरंगत ध्यान करतात. आत काही दिसत नाही, काही ऐकू येत नाही.

"गुणवंता भाऊ, तुमची टाकी द्या मले," तो म्हणाला.

"कायले?"

"ध्यान करासाठी."

गुणवंता भला माणूस. "ने बाबा," म्हणाला. "पन आतून बोंबलशीन तं कोनाले आयकू नाही येनार."

अतुलने मला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं, घासून घासून धुतलं आणि करवतीने माझ्या पोटाला वरच्या बाजूने माणूस जाईल एवढं दार कापलं. दुखलं, खोटं कशाला बोलू. मग झाकण बसवलं, हवा यावी पण उजेड येऊ नये म्हणून वाकडा पाइप लावला, आत रबरी चटई अंथरली. राहिलं मीठ. माणूस तरंगायला साधं मीठ पुरत नाही, मॅग्नेशियम सल्फेट लागतं. आमच्या संत्र्याच्या मुलखात त्याला काय तोटा? बागेची पानं पिवळी पडली की शेतकरी तेच आणतात. अतुलने कृषी केंद्रात जाऊन पोतीच्या पोती मागितली.

"बगिचा केवढा हाय?" दुकानदाराने विचारलं.

"बगिचा नाही. मीच झोपनार हाय त्यात."

दुकानदार बराच वेळ त्याच्या चेहऱ्याकडे निरखून बघत होता म्हणे. तोंड पिवळं पडलंय का, हेच पाहत असावा.

अतुलने बंबाचं गरम पाणी ओतून मला भरलं आणि कानात कापसाचे बोळे घालून आत उतरला. नेमकी दाढी करून आला होता. खारट पाणी गालाला झोंबलं आणि त्याच्या तोंडून जे शब्द निघाले, ते शिबिरात शिकवलेले नक्कीच नव्हते. मग तो पडून राहिला. थोड्याच वेळात झाकण वर.

"माय, फोन वाजला काय?"

"नाही," बाहेरून त्याची आई यमुनाबाई म्हणाली.

झाकण खाली. पुन्हा झाकण वर. "एखाद्याचा येऊन गेला असंन."

असं रोज चाललं. आणि ऑफिसात मात्र सांगायचा, "अरे, तासभर कुठं होतो तेच समजत नाही." मला विचारा ना कुठे होता ते! अर्धा आत, अर्धा बाहेर. महिनाभरात त्याचा उत्साह ओसरला आणि माझ्या झाकणावर कांद्यांचं पोतं आलं.

एके दुपारी शीतल आली. शीतल म्हणजे अतुलची बायको, अंगणवाडीत शिकवते. सकाळी अंगणवाडीतली पोरं "दीदी, दीदी" करतात, घरी आली की घरचे हाका मारतात. आणि ती प्रत्येक हाकेला "आले" म्हणत उठते. माझ्या काठावर साचलेलं मीठ खरवडायला ती आली होती. पत्रा तापल्यामुळे पाणी कोमट झालं होतं. तिने कांद्यांचं पोतं खाली उतरवलं, झाकण उघडून हात घातला, काढला, पुन्हा घातला. मग इकडेतिकडे बघून ती आत उतरली आणि तिने झाकण ओढून घेतलं.

आधी ती तोंडातल्या तोंडात बाकी कामं पुटपुटत होती. मग थांबली. मग रडली. दुःख काही नव्हतं. कोणी हाक मारत नाही, याचंच तिला रडू आलं. त्या दिवसापासून मला तिची माया लागली.

एकदा यमुनाबाई कांदे घ्यायला आली, पोतं खाली दिसलं म्हणून तिने झाकण उघडलं, तर आत सून तरंगतेय. शीतल घाबरून उठायला लागली. यमुनाबाईचा जन्म संत्र्याच्या बागांत मजुरी करण्यात गेलेला. ती म्हणाली, "कायले भेतं वं? बहार यावा म्हून झाडाचं पानी तोडतेत ना, तवा त्याले कोनी हात लावत नाही. तशीच पडून राह्य. मी नाही सांगत कोनाले."

तेव्हापासून रोज दुपारी यमुनाबाई शेडच्या दारात लसूण सोलत बसायची. अतुल जेवायला आला की विचारायचा, "शीतल कोठी गेली?"

"बजारात."

"आज तं बजार नाही."

"म्हून तं लवकर येईन."

पण अतुलने जुनी कार घ्यायचं ठरवलं आणि ती ठेवायला शेड हवं झालं. एका दुपारी मला परत न्यायला पिकअप घेऊन गुणवंताच दारात. इकडून "रामराम", तिकडून "जय भीम" झालं, आणि दोघे थेट माझ्याकडे वळले. शीतल आत होती! माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. मी गेले, तर या बाईला घरात पाय पसरायला दुसरी जागा नव्हती.

"आता नका नेऊ, संध्याकाळी या," यमुनाबाई आडवी आली.

"मावशी, गाडी भाड्याची हाय," गुणवंता म्हणाला. कोणाला सांगणार नाही असा सुनेला शब्द दिलेला, म्हणून यमुनाबाईला पुढे बोलता येईना. अतुलने खालची तोटी उघडली. पाणी भळाभळा वाहायला लागलं आणि शीतल हळूहळू खाली येत माझ्या तळाला टेकली.

"पानी बंद करा," आतून आवाज आला.

गुणवंता दोन पावलं मागे सरला. "टाकी बोलून रायली, बाप्पा."

अतुलने झाकण उघडलं. शीतलने कानातला एक बोळा काढला आणि त्याच्याकडे पाहिलं. ती "आले" म्हणाली नाही. उठलीही नाही.

"मले अजून पडाचं हाय," ती म्हणाली.

"रोज येतं तू इथं?"

"हाव."

"काय करतं आत?"

"काहीच नाही."

एवढ्यासाठीच तर अतुलने मला आणलं होतं, आणि तेवढंच त्याला जमलं नव्हतं. त्याने तोटी बंद केली. झाकण अलगद टेकवलं. मग गुणवंताला म्हणाला, "भाऊ, टाकी तिची हाय. चाला, मी चहा ठेवतो." त्या दिवशी चहात साखर पडली नाही म्हणतात, पण गुणवंता मुकाट्याने प्यायला आणि रिकामी गाडी घेऊन गेला.

कार आता गल्लीत उन्हात उभी असते आणि अतुल रविवारी बंबाचं पाणी स्वतः आणून ओततो. माझं म्हणाल तर बरं चाललंय. थोडी खारावलेय, एवढंच. अजून बरंच सांगायला मलाही आवडलं असतं, पण शीतल आत्ताच आत उतरलीय. तुम्ही निघा आता. जाताना दार ओढून घ्या, आणि कडी वाजवू नका.