पालथा पेला

भाद्रपदातले ऊन खाडीवर उतरले होते. हळदीसारखे पिवळे, ओल्या पदरासारखे जड. काठाकाठाने केवडा उमलला होता, काटेरी पानांच्या कुशीत आपले सुवर्णकणीस लपवून.

परकारांच्या परसात चूल पेटली होती. चुलीवर तांब्याचा हंडा, हंड्यात केवडा आणि पाणी, हंड्याच्या तोंडावर लांब चोचीचे, ताम्रवर्णी टोपण. सारा गाव त्याला टोपणच म्हणे. घरधनी हुसेनमिया मात्र त्याला अंबीक म्हणत.

जुना शब्द. भेटेल त्याला ते त्या शब्दाचे कूळ सांगत. ग्रीकांच्या घरी तो नुसता पेला होता. अरबांनी पेला उचलला, पालथा घातला, वाफेवर ठेवला, त्याला चोच दिली आणि त्याचे ग्रीक नाव आपल्या बोलीत वळवून घेतले. मग गलबतात बसून, खारे वारे पीत, बंदरामागून बंदर करीत तो या खाडीत आला.

झुलेखाबी नवी नवरी होऊन आली, तेव्हा तिलाही त्यांनी हेच सांगितले, आणि हंगामाचा पहिला थेंब तिच्या मनगटावर ठेवला.

"पेल्याला एवढं जग दाखवलंत," ती पुढे म्हणायची, "मला मात्र महाडच्या पुढे नेलं नाहीत."

ते हसायचे. दरसाल केवडा येई, दरसाल तो थेंब येई.

मग त्यांच्या स्मृतीला ओहोटी लागली. मुलांची नावे गेली, मशिदीची वाट गेली. गेल्या पावसात त्या स्मृतीतून झुलेखाही गेली. समोर उरली ती कुणी एक बाई. भली, परकी, वेळेवर पेज देणारी.

म्हणून यंदा चूल तिने पेटवली. टोपणाच्या सांध्यावर ओली माती तिने लिंपली. एकदा, फक्त एकदा, त्यांच्या तोंडून आपले नाव ऐकायचे होते.

"अहो, याला काय म्हणतात?"

विझल्या डोळ्यांत ठिणगी हलली. "अंबीक. म्हणजे पेला, बाई."

आणि त्यांनी सारे सांगितले. ग्रीक, अरब, गलबत, खारे वारे. एकही बंदर चुकले नाही. ती वाट पाहत राहिली. गलबत खाडीत आले, गोष्ट संपली, नाव आले नाही.

चोचीच्या टोकाशी थेंब दाटला, लांबला, कुपीत पडला. त्यांनी घाईने बूच लावले, इकडेतिकडे पाहिले, आणि कुपी तिच्या तळव्यावर ठेवली.

"एक काम करा, बाई. हे आमच्या झुलेखाला द्या. पहिला थेंब तिचा असतो. कुठे गेलीय कोण जाणे, सकाळपासून दिसली नाही."

"देते," ती म्हणाली. "लांब नाही गेली ती."

ऊन खाडीवरून सरत गेले, केवड्यावरून सरत गेले. पालथ्या पेल्याखाली वाफ दाटत होती, निवत होती, थेंब होत होती. एक थेंब, आणि पुन्हा एक थेंब.