लाल चिंधी आणि सहावं घर

मित्रांनो, या, टेका इथं. बुटातले खडे झाडून घ्या आणि निवांत बसा. एक गोष्ट सांगतो. सुडाची आहे, हे आधीच बोलून ठेवतो. नंतर म्हणू नका की म्हाताऱ्यानं गोड बोलून बसवलं आणि कडू पाजलं.

मी एक जुना रिव्हॉल्व्हर आहे. कारखान्यात कुणीतरी मला कानशीनं घासलं, निळं पाणी दिलं, अक्रोडाची मूठ बसवली आणि खोक्यात घातलं. त्या दिवसांचं मला फार आठवत नाही. माझं खरं जगणं सुरू झालं ते इथं, वायोमिंगच्या कोरड्या टेकड्यांत, टीग घराण्याच्या कमरेला. आधी थोरल्या टीगच्या, मग त्याचा मुलगा ऑरव्हल याच्या.

माझी जात जुन्या वळणाची. नुसता चाप ओढून माझ्यातून काही निघत नाही. माझ्या पाठीवर घोडा आहे, तो आधी अंगठ्यानं मागं ओढायचा, मग काडतुसांची चक्री एक घर पुढं सरकते, आणि मग चाप. पुढच्या गोळीला पुन्हा अंगठा. ज्याला घाई असेल त्यानं दुसरं काही बघावं.

आणि माझा एक अवगुण आहे, तोही सांगतो. घोड्याच्या तोंडाला एक टोकदार दात आहे. घोडा खाली असला की तो दात नेमका समोरच्या घरात टेकतो. त्या घरात काडतूस असलं आणि मी दगडावर आपटलो, तर चापाला कुणी हात न लावता मी पेटतो. नव्या रिव्हॉल्व्हरांत घोडा आणि काडतुसाच्या मध्ये एक पट्टी असते, त्यांना ही भीती नाही. मला आहे. म्हणून घरं सहा असली तरी भरायची पाच. सहावं, घोड्याखालचं, रिकामं.

टीगांच्या घरी त्या रिकाम्या घरात लाल चिंधी कोंबायची रीत होती. ऑरव्हलच्या थंडीतल्या जुन्या लोकरी चड्डीची चिंधी. हसा, हसा. मीही हसायचो. पण लांबून लाल टोक दिसलं की माणसाला कळायचं, घोड्याखाली गोळी नाही.

ऑरव्हलनं हे आपल्या मुलीला, लुएलाला, पाठ करायला लावलं होतं. एक भर, एक सोड, चार भर, घोडा पुरता ओढ, हळू खाली सोड. पोरगी कोंबड्यांना दाणे टाकतानासुद्धा हे पुटपुटायची. मोठी झाल्यावर रोज सकाळी मला पुसून, भरून, चिंधी लावून म्यानात घालायचं काम तिचं. ऑरव्हल म्हणायचा, माझी पोर भरते तेव्हा मी बघायलाही जात नाही. यापेक्षा मोठं कौतुक त्या माणसाच्या तोंडून कधी निघालं नाही.

कामं म्हणाल तर पुष्कळ केली. गवतात खुळखुळ्या साप निघाला की बारीक छऱ्यांचं काडतूस घालून मलाच बोलवायचे. तारेत अडकून पाय मोडलेलं वासरू असलं की ऑरव्हल टोपी काढायचा, आणि मग आम्ही दोघं ते करायचो. त्या दिवशी तो घरी जेवत नसे. कोल्हा गोठ्याकडे आला तर हवेत एक आवाज. आणि रविवारी कुंपणाच्या खांबांवर बीन्सचे रिकामे डबे मांडून बापलेकीची पैज, हरेल त्यानं भांडी घासायची. ऑरव्हल इतकी भांडी घासायचा की मला संशय होता, तो मुद्दाम हरतो.

आता त्या माणसाचं नाव घेतो. क्लीट बॅरो. ऑरव्हलच्या बायकोचा भाऊ, म्हणजे लुएलाचा मामा. बायको देवाघरी गेली, पण हा यायचा थांबला नाही. बोलायला गोड, खायला पुढं, तार ओढायला मागं. त्याच्याकडे नवा, पट्टीवाला रिव्हॉल्व्हर होता. त्यात तो सहाच्या सहा भरून हिंडायचा आणि आम्हाला हसायचा.

एकदा वसंतात पश्चिमेचं कुंपण पडलं. त्या बाजूला सापांचा सुळसुळाट. क्लीट आपलं हत्यार घरी विसरला होता, तेव्हा मला मागून घेतलं. सकाळी लुएलानं मला नेहमीसारखं भरलं होतं. पाच आणि चिंधी. कुंपणापाशी गाडी थांबवून क्लीटनं मला हातात घेतलं, चक्री फिरवली, नखानं चिंधी उपटून कुंपणाकडे उडवली आणि तिथं सहावं काडतूस सरकवलं. वर स्वतःशीच म्हणाला, रिकामं घर ठेवून काय भाडं येणार आहे?

घोडा सहाव्यावर टेकला. मी बोंबलत होतो, पण माझा आवाज एकाच रीतीनं निघतो.

क्लीट गाडीतून उडी मारून उतरला. म्यानाची वादी लावलेली नव्हती. मी निसटलो आणि पाठीवरच्या घोड्याच्या भारानं सरळ दगडावर पडलो. पुढं तार बांधायला वाकलेला ऑरव्हल होता. मी त्याचा गुडघा फोडला. ज्यानं मला आयुष्यभर तेल लावलं त्याचा.

ऑरव्हल गालावर पडून होता. त्याच्या नाकासमोरच्या झुडपाला लाल काहीतरी लटकत होतं. त्याला वाटलं, आपलंच रक्त उडालं. आणि तेवढ्यात क्लीट रडक्या आवाजात म्हणाला, "पोरीनं सहा भरल्या रे, ऑरव्हल. मी हातही लावला नाही."

लुएला दवाखान्यात बापाचे पाय धरून सांगत राहिली की मी पाच भरल्या. ऑरव्हलला ताप होता, दुखत होतं, आणि मामा शेजारी बसून मान हलवत होता. लहान आहे, चुकते, म्हणत होता. ऑरव्हलनं भिंतीकडे तोंड केलं आणि एवढंच बोलला, "माझ्या डोळ्यांपुढून ने ते."

'ते' म्हणजे मी. पण पोरीला वाटलं, आपण. तिनं पिशवी भरली आणि शहरात, कॅस्परला निघून गेली. तिथं खोगिरं शिवायच्या दुकानात लागली. बाप मानी, पोरगी त्याच्यावर गेलेली. दोघांपैकी कुणीच फोन केला नाही.

मला स्वयंपाकघरातल्या खालच्या खणात टाकलं. सोबतीला मेलेले सेल, डबा फोडायची बोथट सुरी आणि एक पत्ता कमी असलेला पत्त्यांचा जोड. तेल नाही, फडकं नाही. वर टेबलाशी क्लीट बसून ऑरव्हलची कॉफी पीत असायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तीच गोष्ट सांगायचा. दर वेळी त्यात पोरगी थोडी जास्त बेफिकीर व्हायची आणि मामा थोडा जास्त शूर. मी खालून एकेक शब्द ऐकला. अंगावर गंज चढत गेला, पण रागावर चढला नाही. मला एकच हवं होतं. हा माणूस पुन्हा एकदा मला हातात घेऊ दे. सहा भरू दे. आणि या वेळी माझं तोंड त्याच्याच पायाकडे असू दे. त्याच्या गुडघ्याची वाटी कुठं असते हे मी मनात इतक्यांदा घोकलं, की अंधारातही चुकलो नसतो.

आणि मित्रांनो, तो दिवस आला.

आमच्याकडे जुन्या वेषातल्या नेमबाजीचे खेळ भरतात. माणसं जुन्या काळच्या टोप्या, जाकिटं, झालरीचे झगे घालून येतात, खोटी नावं घेतात, आणि माझ्यासारख्या जुन्या वळणाच्या रिव्हॉल्व्हरांनी लोखंडी पाट्या ठोकतात. टण्णकन आवाज आला की सगळे खूश. दुपारी मटणाचा रस्सा, बिस्किटं आणि एकमेकांच्या मिशांवरून टिंगल. शिक्षक, ट्रकवाले, दाताचे डॉक्टर, सगळे असतात. पण एका बाबतीत कुणी गंमत करत नाही. हत्यार रिकामं आणायचं. भरायचं ते भरायच्या टेबलावर, दुसऱ्याच्या नजरेखाली. पाचच. घोडा रिकाम्यावर. सहा भरणाऱ्याला लगेच बाहेर काढतात, मग तो कोणीही असो.

क्लीटला या खेळाचं नवं वेड लागलं होतं. 'वादळ बॅरो' असं नाव लावून घेतलं, शेपटीवाली टोपी घेतली. पण त्याला खरं जुनं हत्यार हवं होतं, लोकांना दाखवायला. म्हणून ऑरव्हलच्या मागं लागला. ते खणात सडतंय, दे की मला. आणि तूही चल बघायला, नाहीतर या खुर्चीतच मरशील.

ऑरव्हलनं मला बाहेर काढलं. किती तरी वर्षांनी त्याचा हात लागला. त्यानं गंज घासला, तेल दिलं, आणि का कोण जाणे, कपाटातल्या जुन्या चड्डीची एक चिंधी फाडून एका घरात कोंबली. क्लीट म्हणाला, अजून हे थेर सुटले नाहीत का. ऑरव्हल म्हणाला, माझ्या दारातून जाताना चिंधीशिवाय जाणार नाही.

मैदानावर गेलो तर भरायच्या टेबलामागं उभी होती लुएला. केसात पांढरं आलेलं, डोक्यावर सपाट काळी टोपी, छातीवर तिच्या खेळातल्या नावाची पाटी, 'पाचवाली'. ऑरव्हलनं तिला पाहिलं आणि घडीच्या खुर्चीत बसून काठीच्या टोकानं माती उकरू लागला. तिनं बापाला पाहिलं, मला पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "पुढचा."

पुढचा क्लीट. त्याला वाटलं, पोरीपुढं आपण जराही कचरलो असं दिसता कामा नये. म्हणून तो मागं रांगेत उभ्या असलेल्यांशी मोठ्यानं बोलत राहिला. बोलता बोलता चक्री फिरवत गेला, भरत गेला. हाताला सवय त्याच्या नव्या हत्याराची. चिंधीचं घर आलं. नखानं उपटली, खांद्यावरून मागं उडवली, सहावं काडतूस सरकवलं आणि हसत म्हणाला, "रिकामं घर ठेवून काय भाडं येणार आहे?"

सहा भरल्या होत्या. त्यानं घोडा ओढला, आता खाली सोडणार, आणि मला म्यानात ठोकणार, स्वतःच्याच मांडीशी. खणातल्या त्या सगळ्या वर्षांत मी जे मागितलं होतं ते अगदी तसंच समोर होतं. माझा दात शिवशिवत होता. एक धक्का बसला असता तर पुरे होतं.

घोडा खाली आला आणि मऊ काहीतरी लागलं. लुएलानं आपला अंगठा मधे घातला होता. माझा दात तिच्या कातडीत रुतला. रक्ताचा थेंब आला. सूड घ्यायला दात परजून बसलो आणि चावलो कुणाला, तर तिला. तेवढ्यासाठी मी आजही त्या माणसाला माफ करत नाही.

तिनं हात मागं घेतला नाही. आवाजही चढवला नाही. "मामा," ती म्हणाली, "चक्री उघड आणि सगळ्यांसमोर मोज."

क्लीटनं चक्री उघडली, सहा निघाल्या. बोलता बोलता चुकलो, म्हणाला. सवय असते हाताला, म्हणाला. आणि मग कुणी विचारलं नसताना बोलून गेला, "मी नेहमीच सहा भरतो, त्यात काय एवढं?"

मागं खुर्ची करकरली. चिंधी ऑरव्हलच्या बुटापाशी येऊन पडली होती. तो गुडघा वाकत नाही. तरी तो काठी टाकून, हात टेकून, एका बाजूनं मातीत उतरला. कुणीतरी धरायला गेलं तर त्यानं हात झटकला. चिंधी उचलली. बोटांत धरून उजेडात उलटीसुलटी केली.

"त्या दिवशी झुडपाला अशीच होती," तो म्हणाला. "मला वाटलं, माझं रक्त."

क्लीटनं तोंड उघडलं. ऑरव्हलनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो मातीतूनच लेकीला म्हणाला, "लुएला, तू पाच भरल्या होत्यास."

"सांगितलं होतं मी, डॅडी."

"हो. मी भिंतीकडे बघत होतो."

तिनं एका हातानं अंगठा दाबून धरला आणि दुसरा हात त्याला उठायला दिला. क्लीटचा पट्टा खेळवाल्यांनी तिथंच उतरवून घेतला. शेपटीवाली टोपी घालून तो सगळ्या रांगेसमोरून गाडीपर्यंत चालत गेला. कुणी शिवी दिली नाही, कुणी हसलं नाही. आमच्याकडची माणसं हाकलून देतात तेव्हा वाट करून देतात, बस. मला ते चालणं फार आवडलं. अजून आठवतो आणि मनातल्या मनात चघळतो.

आता मी लुएलाकडे असतो. ती रोज पुसते. शनिवारी बाप खुर्चीत बसतो आणि आम्ही पाट्या ठोकतो. साप आले तर आहेच मी. भांडी पुन्हा ऑरव्हलच घासतो. सगळं ठीक झालं, असं तुम्ही म्हणाल. नाही झालं. पोरीचे कॅस्परमधले सगळे नाताळ कोण परत देणार? आणि क्लीट सुधारला म्हणाल, तर तोही नाही. पेंडीच्या दुकानासमोरच्या हॉटेलात, खिडकीजवळच्या बाकावर बसून तो अजून सांगतो की हत्यारच खराब होतं, आपोआप उडालं, भरणारी पोरगी बेफिकीर होती.

म्हणून तुम्हाला एक मागणं आहे, मित्रांनो. कधी त्या बाजूला गेलात तर त्याच्या शेजारी बसा. कॉफी मागवा. त्याला ती गोष्ट पुरती सांगू द्या, मधे तोंड घालू नका. त्याचं बोलून झालं की हळूच एवढंच विचारा, "ती लाल चिंधी कुणी काढली?" मग गप्प बसा, त्याच्या कानांकडे बघा, आणि ते कोणत्या रंगाचे होतात ते मला येऊन सांगा.