फाटकावरचा वरबाप

देवाजी लोणारे आयुष्यात एकदाच वरबाप झाला, आणि तोही मुसलमानाच्या लग्नात. स्वतः तो बुद्धिस्ट. छप्पनच्या दीक्षेला नागपुरातल्याच इंदोऱ्याहून पायी गेलेला, रेल्वेच्या लोकोशेडात फिटर म्हणून जन्म घालवलेला, पोरबाळ न झालेला माणूस. ज्याचा तो बाप झाला तो इद्रीस सुदानचा. इद्रीसची नवरी रोहाना मलेशियाची. दोघंही शिकायला नागपुरात आलेले, एकाच कॉलेजात. रमजानात रोजा सोडायला परदेशी पोरं एकत्र बसायची, तिथं जमलं. यात वरबापाचं काम काय, असं तेव्हा कोणी विचारलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं. पण लग्नघरात असले प्रश्न कोणी विचारत नाही.

इद्रीस नागपुरात उतरला तेव्हा आधी धरमपेठेत खोली बघायला गेला होता. अरुंधतीबाई पांढरीपांडे नावाच्या रिटायर झालेल्या हेडमिस्ट्रेसच्या फाटकावर पाटी होती, खोली भाड्याने देणे आहे. बाईंनी व्हरांड्यातूनच सांगितलं, खोली गेली, पाटी काढायची राहिली. पाटी मग महिनाभर राहिली आणि त्या खोलीत रोहाना आली. धरमपेठेत खोली रिकामी आहे की नाही हे खोलीवर नसतं, मागणाऱ्याच्या कातडीवर असतं. रोहाना उजळ होती, हळू बोलायची, चप्पल बाहेर काढायची. ती मुसलमान आहे हे बाईंच्या ध्यानात यायला वेळ लागला आणि तोवर त्यांचा तिच्यावर जीव जडला होता. इद्रीस वणवण करत इंदोऱ्यात आला. देवाजीनं त्याला वरची खोली दिली आणि देवाजीची बायको भागीरथा हिनं भाकरी दिली. गल्लीतली पोरं चार दिवस त्याच्या मागं फिरली, पाचव्या दिवशी त्याला क्रिकेटमध्ये घेऊन मोकळी झाली.

शिक्षण संपलं आणि इद्रीसला खार्टूमला नोकरी लागली. रोहानाच्या बापानं तिकडून ट्रंककॉलवर सांगितलं, पोरगी त्याच्यासोबत जाईल ती बायको म्हणूनच, नाहीतर घरी परत येईल. मोमिनपुऱ्यातल्या मौलाना बशारत यांना त्यांनी आपल्या वतीनं पोरगी द्यायला वकील नेमलं. शुक्रवारी दुपारची मुंबईची गाडी, तिच्या आधी निकाह. निकाह झाला नाही तर दोघं दोन देशांत. एवढं साधं होतं ते.

इद्रीस देवाजीसमोर जमिनीवर बसला आणि म्हणाला, "बाबा, मेरा बाप नहीं है. आप मेरे बाप बनके चलो."

देवाजी उठून मोरीवर गेला आणि बराच वेळ तोंड धूत राहिला. परत आल्यावर त्यानं विचारलं, लग्न कुठं? पोरीच्या घरी. पोरीचं घर कुठलं? इद्रीसनं सांगितलं.

"थेच फाटक?" देवाजी म्हणाला. "खोली गेली म्हनत होती, थेच?"

तेच. लहानपणी देवाजी बापासोबत जळाऊ लाकडाच्या मोळ्या घेऊन धरमपेठेत यायचा. मोळी मागच्या गल्लीतून न्यायची, जिथून मैलागाडी जायची तिथून. समोरच्या दारानं आत कोणी घेत नसे. पुढं नोकरी लागली, दीक्षा झाली, देवाजी त्या वस्तीत पुन्हा गेला नाही. आता तो जाणार होता, आणि वरबाप म्हणून जाणार होता. त्यानं ठरवून टाकलं. बाईनं स्वतः फाटकावर यावं आणि "या" म्हणावं, तेव्हाच तो पाय आत टाकेल. याहून जास्त त्याला काही नको होतं, आणि याहून कमी चालणार नव्हतं.

"बावीस प्रतिज्ञा घेतल्या न तुमी?" भागीरथा म्हणाली. "मंग हे रुसनं कोन्त्या प्रतिज्ञेत बसते?"

"तू चूप राय वं. इज्जतीची गोष्ट हाय."

"मुसलमानाच्या लग्नात बामनीवर रुसाले बुद्धिस्ट चालला," भागीरथा म्हणाली आणि तांदूळ निवडत राहिली.

इकडे अरुंधतीबाईंचं वेगळंच. त्यांच्या एकुलत्या एक मुलानं अमेरिकेत लग्न केलं आणि फोटो पाठवला. तेव्हापासून त्यांच्या हातून एक लग्न व्हायचं राहिलेलं होतं, ते त्यांनी रोहानावर काढायचं ठरवलं. मांडव, आंब्याची पानं, हळद, सनई, सगळं. त्यांनी पंचांगही पाहिलं आणि शुक्रवारी मुहूर्त नाही म्हणून निरोप पाठवला. निरोप न्यायला-आणायला नवरा-नवरीच. आपलंच लग्न मोडायला आलेले निरोप ती दोघं सायकलवरून गावभर पोचवत होती.

मुसलमानाला पंचांग काहून पाहिजे, असं देवाजीनं उलट विचारलं. मग आपल्याला तरी निकाहातलं काय कळतं म्हणून तो मोमिनपुऱ्यात जाऊन बसला. मौलानांकडून सगळं समजून घेतलं, आणि आला तो मुफ्तीच होऊन. हळद चालणार नाही. सनई चालणार नाही, पण बँड चालेल, कारण बँड त्यानं आधीच ठरवला होता. अक्षता चालणार नाहीत. मंगलाष्टकांचं नाव काढायचं नाही. बामणाच्या घरी इस्लामची राखण करायला बुद्धिस्ट उभा राहिला आणि ज्यांचा तो धर्म ती पोरं बिचारी दोन्हीकडे मान हलवत राहिली. बाईंनी एकेक करत सगळं सोडलं. एकच सोडलं नाही. मटण घरात शिजणार नाही आणि वाढलंही जाणार नाही. मग तह झाला. बाईंचा मसालेभात आणि जिलबी आत, मोमिनपुऱ्याची बिर्याणीची देग बाहेर रस्त्यावर, कुंपणाला लागून.

शेवटी देवाजीनं मौलानांना आपली फाटकाची अट सांगितली. मौलाना म्हातारे, शांत, शेकडो निकाह लावलेले. ते म्हणाले, "लोणारे साहब, निकाह में लड़के के बाप की ज़रूरत नहीं होती. दो गवाह हों, लड़की राज़ी हो, लड़का क़बूल करे, बस."

"जरूरत नहीं, मालूम है. मान की बात है."

"फिर तो ये मामला मेरे इल्म के बाहर का है," मौलाना म्हणाले आणि पान लावायला घेतलं.

शुक्रवारी वरात निघाली. पुढं धोंडबाचा बँड, मागं पांढरे पायघोळ अंगरखे आणि पांढरी पागोटी घातलेले पाच सुदानी, मधे इद्रीस, त्याच्या बाजूला रेल्वेचा काळा कोट घातलेला देवाजी, शेवटी इंदोऱ्यातली माणसं. धरमपेठेतली माणसं गच्चीवर आली. एवढ्या उंच माणसांची वरात आणि वरबाप असा, हे कोणाच्या हिशोबात बसेना. बँड फाटकासमोर थांबला. देवाजी थांबला. फाटक उघडं होतं. कोणी आलं नाही.

धोंडबानं गाणं संपवलं आणि परत तेच सुरू केलं. कोणी आलं नाही. देवाजीनं इद्रीसचं कोपर धरून ठेवलं होतं. मौलाना आले, त्यांनी त्या उघड्या फाटकाकडे पाहिलं, त्यात थांबण्यासारखं काही दिसलं नाही, म्हणून सरळ आत गेले. दोन सुदानी साक्षीदारही त्यांच्यामागं गेले.

"पाहून राहिली न तू?" देवाजी भागीरथाला म्हणाला. "एवढं शिकली, पर जात नाई गेली. माह्यासमोर येत नाई थे."

भागीरथा काय झालं ते बघायला आत गेली. अरुंधतीबाई स्वयंपाकघराच्या दारामागं उभ्या होत्या. हातात ओवाळायचं ताट, निरांजन लावलेलं, वात अर्धी जळून गेलेली. ओवाळायला त्यांनी शेजारची सवाष्ण ठरवली होती. तिनं गच्चीवरून वरात पाहिली आणि पोटात दुखतंय म्हणून आपल्या घरी पळाली.

"मंग तुमी जा न," भागीरथा म्हणाली.

बाई म्हणाल्या, त्या विधवा आहेत. शुभकार्यात त्यांनी समोर यायचं नसतं, तेही ताट घेऊन. मग त्यांना एकदम सुचलं. "तुम्ही सवाष्ण आहात ना? तुम्हीच ओवाळा."

"मी वरमाय हावो. आपल्याच पोराले मीच आपली ओवाळू? अन् आमच्यात हे छप्पनलेच बंद झालं."

दोघी ताटाकडे बघत उभ्या राहिल्या. एक ओवाळू शकत नव्हती, दुसरी ओवाळत नव्हती, आणि पलीकडच्या खोलीत जे लग्न लागायचं होतं त्याला या ताटाची काडीची गरज नव्हती. भागीरथानं बाहेर येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं.

"बहाना हाय," देवाजी म्हणाला.

"बाप्पा, थे बाई दारामांग ताट घेऊन उभी हाय, बहाना कायचा?"

"दुसऱ्याच्या लग्नाले जात नसंल थे. हे तिच्या घरचं हाय. मी पाय टाकत नाई."

ऊन चढलं. आत मौलानांनी रोहानाला विचारलं, ती राजी म्हणाली. मग त्यांनी बाहेर निरोप पाठवला, लड़का भेजो, मुझे जुमे की नमाज़ को जाना है. देवाजी म्हणाला, थांबा. मौलानांचा दुसरा निरोप आला. देवाजी म्हणाला, थांबा. गाडीची वेळ जवळ येत होती. तेवढ्यात धोंडबा येऊन विचारायला लागला की पोरं दमली, बंद करू का. बंद केलं तर वरात मोडल्यासारखं दिसंल, असं देवाजी त्याला समजावू लागला आणि समजावता समजावता त्यानं दोन्ही हात उंच केले. इद्रीसचं कोपर सुटलं.

इद्रीस कुंपणाच्या कडेनं गेला, वळला आणि दिसेनासा झाला.

थोड्या वेळानं आतून निकाहाचा अरबी खुतबा ऐकू आला. बँडमधला क्लॅरिनेटवाला थांबला, मग सगळेच थांबले.

"कोनाचं चालू हाय हे?" देवाजीनं विचारलं आणि बाजूला पाहिलं. तिथं कोणी नव्हतं.

आत खारका वाटल्या गेल्या. नवरा-नवरी समोरच्या दारानं बाहेर आली, मागून मौलाना, साक्षीदार. सगळे सरळ देगेकडे गेले. भूक लागली होती सगळ्यांनाच. इद्रीस एकटा देवाजीजवळ आला.

"कुठून गेला बे तू आत?"

"पीछे से."

"मागच्या गल्लीतून? तुले मालूम हाय थे कोन्ती गल्ली व्हय?"

"बाबा," इद्रीस म्हणाला, "दरवाज़ा खुला था."

जिच्यापायी देवाजीनं आयुष्यभर दात-ओठ खाल्ले, ती गल्ली या पोरासाठी नुसती गल्ली होती. इद्रीसला मित्रांनी ओढून नेलं. भागीरथानं ताटली भरून आणली. देवाजीनं ती घेतली नाही. वरबाप रस्त्यावर जेवत नसते, म्हणाला. लग्न लागून गेलं तरी तो फाटकाच्या बाहेरच उभा. आता तर त्याला आत जायला काही कारणही उरलं नव्हतं.

तेव्हा अरुंधतीबाई आल्या. व्हरांडा उतरून, पायवाटेनं, थेट फाटकापर्यंत.

"कार्य झालं," त्या म्हणाल्या. "आता मला येता येतं."

देवाजीला कळलं, भागीरथा खरं बोलली होती. त्याला जो राग यायचा होता तो आला, पण भलतीकडून आला.

"तुमाले कोनं मना केलं होतं बाहेर याले?"

"कोणी नाही. तसं असतंच."

"हेडमिस्ट्रेस होत्या न तुमी?"

"शाळेत मी पुढेच असायचे. घरचं वेगळं."

"आमाले बाहेर ठेवलं तुमी, ठेवलं. अन् सोताले बी दारामांग ठेवलं? असा कसा धरम हाय तुमचा? हे काय जेलखाना चालवून राहिले तुमी?"

"हळू बोला. लोक बघताहेत."

"पाहू द्या. माह्या पोराले खोली गेली म्हनून सांगतलं तवा कोनी पाहत नोतं."

बाईंनी खाली पाहिलं. मग म्हणाल्या, "आत या."

देवाजी आत गेला. बाईंनी त्याला पुढच्या खोलीत नाही, थेट स्वयंपाकघरात नेऊन बसवलं आणि स्वतः वाढलं. पंगतीसाठी रांगेनं पाट मांडलेले, प्रत्येकासमोर पान, आणि माणूस एकच. खिडकीतून रस्ता दिसत होता. त्याची सगळी वरात तिथं होती. मौलाना दुसऱ्यांदा बिर्याणी घेत होते. बँडची पोरं बोटं चाटत होती. भागीरथा रोहानाला भरवत होती. मटणाचा वास सरळ आत येत होता आणि देवाजीला मसालेभात कधी आवडला नव्हता. बाई म्हणाल्या, अजून घ्या. त्यानं घेतला. एवढ्या मानाच्या पानावरून कसं उठायचं?

रिक्षा आल्या. इद्रीस आणि रोहाना निरोप घ्यायला आत आली. इद्रीसचा उजवा हात मटणानं माखलेला, देवाजीचा भातानं. दोघांनी हात हवेत वर धरून मिठी मारली, कपडे खराब होऊ नयेत म्हणून. रोहाना अरुंधतीबाईंच्या गळ्यात पडली. तिच्या तोंडाला बिर्याणीचा वास होता. बाईंनी श्वास धरला, मग सोडला.

रिक्षा वळणावरून गेल्या. बँडही गेला. भागीरथा बाहेर देगेपाशी मोमिनपुऱ्याच्या माणसांशी भांड्यांचं काहीतरी बोलत होती.

"बसा," बाई म्हणाल्या. "पान अर्धं आहे."

देवाजी बसला. बाई समोर रिकाम्या पाटावर बसल्या. देवाजीनं एक घास घेतला. काहीतरी बोलणं भाग होतं.

"भाताले मीठ कमी हाय," तो म्हणाला.

बाई मीठ आणायला उठल्या.