माझे तेलाचे फडके

मित्रांनो, बंदूक म्हटल्यावर दचकू नका. मी नेमबाजीची एक जुनी रायफल आहे. कागदी निशाणाखेरीज मी कशालाही भोक पाडलेले नाही. माझी नळी कार्बन स्टीलची. कारखान्यात उकळत्या क्षारांत बुडवून मला हा काळानिळा रंग चढवला. गंज मात्र चटकन धरते, हा माझा दोष. पण त्या दोषापायीच मालकिणीने वीस वर्षे रोज संध्याकाळी मला मांडीवर घेतले आणि तेलाच्या फडक्याने पुसले. तिने पदकेही मिळवली, पण माझा जीव त्या फडक्यात.

मग तिची लेक नेमबाजी शिकू लागली. तिच्या तळव्यांना भारी घाम. तिने मला धरले, की दुसऱ्या दिवशी माझ्या अंगावर तिच्या बोटांचे तांबूस ठसे! मालकिणीने मला बंदूक दुरुस्त करणाऱ्या काकांना दाखवले.

"ताई, पोरीच्या हाताला ही नाही चालायची," काका म्हणाले. "स्टेनलेस घ्या. तिचे एवढे लाड करावे लागत नाहीत."

झाले! ती चकचकीत बया घरात आली आणि माझा नुसता जळफळाट सुरू झाला. स्पर्धेला ती, फोटोत ती, मी कपाटात. तरी संध्याकाळचे फडके माझे एकटीचे होते.

एकदा सरावात भुरभुर पाऊस आला. "ही कुठे गंजतेय!" म्हणत लेकीने ती ओलीच स्पंजच्या पेटीत कोंबली. परीक्षेमुळे पंधरा दिवस पेटी उघडलीच नाही. उघडली, तर नळीवर तपकिरी ठिपके! खोटे कशाला सांगू? मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

लेक रडकुंडीला आली. "आई, ही गंजत नाही ना?"

"अगं, उशिरा गंजते एवढंच. आण इकडे."

आणि मालकिणीने माझे फडके उचलले, माझ्याच तेलात भिजवले, त्या बयेला मांडीवर घेतले. तेव्हापासून रोज पहिला मान तिचा. माझी पाळी येईपर्यंत फडके कोरडे होत आलेले असते.

मित्रांनो, हिला काही होत नाही, असे म्हणून कुणाला ओले टाकू नका. निगा सगळ्यांनाच लागते, हे मी अगदी मनापासून सांगते. फक्त पुसायला बसाल, तेव्हा सुरुवात जुनीपासून करा.