मेंढरांची हाक

जोतीराम आटपाडीकडचा, धनगराचा पोर. वाडीत सातवीची फायनल पास झालेला तो पहिलाच. एकेचाळीस साली रहिमतपूरच्या बाजूला एका खेड्यात मास्तर म्हणून त्याची नेमणूक झाली, तेव्हा त्याच्या आईनं, हरणाबाईनं, बिरोबापुढं नारळ फोडला.

हेडमास्तरांना त्याची जात कळायला वेळ लागला नाही. मधल्या सुट्टीत ते व्हरांड्यात खुर्ची टाकून बसत आणि म्हणत, "जोतीराम, जरा मेंढरं हाकून दाखव." बाकीचे मास्तर हसत, मुलं हसत. एकदा करून दाखवलं की त्यांची हौस फिटेल, असं त्याला वाटलं होतं. ती फिटली नाही. पुढं पुढं तोही त्यांच्यात हसायला लागला.

दिवाळीनंतर मेंढरं चारणीला नदीकाठी उतरली, तशी हरणाबाई लेकाला भेटायला आली. जोतीराम तेव्हा व्हरांड्यात उभा राहून मेंढरांना घालतात तशी हाक घालत होता. फाटकाशी घोंगडं पांघरलेली आई दिसली आणि तो मधेच थांबला.

तिनं त्याला बाहेर बाभळीखाली नेलं.

"हितं तर एक मेंढरू न्हाई. हाक कुणाला घालत व्हतास?"

पोरांना गंमत करून दाखवत होतो, असं तो म्हणाला. तिला ते पटलं नाही, तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. नोकरी सोडली तर वाडीत तुला मान खाली घालावी लागंल, म्हणून सोसतोय, असंही सांगितलं.

"माझं नाव घिऊ नगंस," हरणाबाई म्हणाली. "भ्या तुला वाटतंय." आणि ती मेंढरांकडं निघून गेली.

त्यानंतर मुलांपुढं उभं राहताना त्याची नजर वर होईना. शेवटी त्यानं आटपाडीकडं बदली मागितली. कारण विचारलं, तर आई आजारी असते म्हणाला. त्या दुष्काळी मुलखात जायला दुसरं कुणी तयार नव्हतं, त्यामुळं बदली लगेच मिळाली.

त्याच्या जागी आकाराम नावाचा कोवळा मास्तर आला, कुंभाराचा. वर्ग ताब्यात घेताना त्यानं हळूच विचारलं, "हेडमास्तर कसं हायत वो?"

आसपास कुणी नव्हतं. सांगता आलं असतं.

"चांगले आहेत," जोतीराम म्हणाला आणि ट्रंक उचलून स्टेशनकडं चालू लागला.

नव्या शाळेत त्याला कुणी हिणवलं नाही. मेंढक्यांची पोरं त्यानं जीव लावून शिकवली. पण वर्षाच्या आत कुणीतरी बातमी आणली, की आकाराम मास्तरकी सोडून पलटणीत भरती झाला. का सोडली, ते जोतीरामनं विचारलं नाही.